वाऱ्यावर टांगलेली डबी

मनोहर पानसे यांचं नाक आमच्या ईडन प्रेरी या अमेरिकन गावातल्या मराठी मंडळींत प्रसिद्ध होतं. गणपतीच्या जेवणाला मसालेभाताचं झाकण उघडलं की ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून सांगायचे, "जायपत्री जास्त पडली आहे. आणि बुडाला लागायला लागलंय, गॅस बंद करा." तिथे उभी असलेली बाई धावत जाऊन पाहायची, तर खरंच लागलेलं असायचं.

त्यांचा पोटापाण्याचा उद्योगच तो होता. खाण्याच्या पदार्थांत घालायचे वास तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली. चिप्सवरच्या चीजचा वास, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधातला केळ्याचा वास, असली कामं. २००२ साली कंपनीने लॅब दुसऱ्या राज्यात हलवली आणि काकांना वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी निरोप दिला. त्यानंतर ते गप्प झाले. विनीताकाकू शाळेच्या लायब्ररीत नोकरीला जायच्या आणि काका दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत. शेवटी काकूंनीच सुचवलं, म्हणून त्यांनी गावाबाहेर दीड तासावर, एका लहानशा लेकच्या, म्हणजे तळ्याच्या, काठी, जुनी केबिन घेतली. काका तिथे आठवडा-आठवडा राहायला लागले. काकू शुक्रवारी संध्याकाळी यायच्या.

मी तेव्हा त्यांच्या मागच्या गल्लीत राहायचे. पुढचं सगळं मला काकांनीच सांगितलं, पण एका दमात नाही. दोन-तीन वर्षांत, तुकड्या-तुकड्यांनी.

केबिनच्या शेजारी लॉइड नावाचा म्हातारा राहायचा. शहात्तर वर्षांचा, बायको गेलेली. जन्मभर काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला आणि हिवाळ्याच्या तोंडावर सापळे लावले. रॅकून, मिंक, मस्करॅट, अशा फरवाल्या जनावरांचे. वयाच्या नवव्या वर्षापासून एक साल चुकवलं नव्हतं. २००३च्या ऑक्टोबरात एका सकाळी तो जॅमची बरणी घेऊन काकांच्या दाराशी आला.

"मॅनो, तू वासाचं काम करायचास ना? याचा वास घे आणि हे बिघडलंय का सांग."

बरणीत ल्युअर होतं. म्हणजे जनावराला वासाने सापळ्यापर्यंत बोलावून आणणारं मिश्रण. लॉइड ते दरवर्षी घरीच करायचा. मासे उन्हात सडवून काढलेलं तेल, बडीशेपेसारख्या वासाचं अ‍ॅनिसचं तेल, मध आणि बीव्हरच्या ग्रंथींची पूड. पण आदल्या हिवाळ्यात त्याला जबरदस्त सर्दी झाली आणि त्यात त्याचा वासच गेला. परत आलाच नाही. कॉफी आणि गरम पाणी आता सारखंच, असं तो म्हणाला. ते त्याने हसत सांगितलं, पण टोपी हातात घेऊन तो ती नुसती फिरवत होता.

काकांनी झाकण उघडलं. दुसरा कोणी असता तर पळाला असता. काकांनी डोळे मिटले. "मासा ठीक आहे," ते म्हणाले. "अ‍ॅनिस जुनं झालंय, त्याला कुबट वास मारतोय. ते बदल. आणि मध कमी आहे."

मला हे सांगताना काका म्हणाले होते, "दीड वर्षात मला कोणी काही विचारलंच नव्हतं गं."

त्या दिवसापासून काका लॉइडचं नाक झाले. आणि नुसतं नाक होऊन थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. लॉइड एका काडीने ल्युअर झाडाच्या बुंध्याला फासायचा. पाऊस आला की ते धुऊन जायचं, थंडी वाढली की गोठायचं आणि गोठलं की वास सुटायचाच नाही. कापसावर घालून ठेवलं तर उंदीर कापूस पळवायचे. काकांनी मग वहीत प्रयोग मांडले. ईडन प्रेरीतल्या औषधाच्या दुकानात फोटो धुऊन मिळायचे. तिथली मुलगी फिल्मच्या रोलच्या रिकाम्या काळ्या डब्या फुकट द्यायची. लोक डिजिटल कॅमेरे घ्यायला लागले होते, तरी पिशवीभर डब्या निघायच्या. काका दाभण तापवून डबीच्या अंगाला भोकं पाडायचे, आत मेंढीच्या लोकरीचा बोळा बसवायचे आणि ल्युअर व्हॅसलीन नि ग्लिसरिनमध्ये कालवून त्या बोळ्यात मुरवायचे. डबी तारेने उलटी टांगायची. पाऊस आत जात नाही, थंडीत गोठत नाही, उंदराला पोचता येत नाही. जवळच्या वासासाठी वेगळी सोय. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉचे बोटभर तुकडे करायचे, एक तोंड मेणबत्तीवर वितळवून बंद करायचं, आत ल्युअर भरून दुसरंही बंद करायचं. सापळ्यापाशी गेल्यावर एक टोक कापलं की झालं, हाताला वास नाही. कान साफ करायच्या काड्याही त्यांनी वापरून पाहिल्या, पण त्या लवकर सुकायच्या.

हे सगळं केबिनच्या गॅरेजमध्ये चालायचं. काकू नाकाला पदर लावून दारातूनच बोलायच्या. त्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं.

"अहो, आणि त्या वासाने जे येतं त्याचं काय होतं?"

"ते लॉइडचं काम. मी सापळ्याला हात लावत नाही. मी फक्त वास करतो."

"हात स्वच्छ धुवून या जेवायला," काकू म्हणायच्या आणि निघून जायच्या.

हात लावत नाही, हे खरंच होतं. लॉइड आपला मोठा, पोलादी चौकटींचा सापळा लांब दांड्याच्या चिमट्याने उघडायचा, तेव्हा काका दुसरीकडे पाहायचे. ज्याच्या घरात कधी अंडंही शिजलं नव्हतं अशा माणसाने तेवढी एक रेघ स्वतःसाठी आखून ठेवली होती, आणि ती पुरेशी आहे असं त्यांना वाटत होतं.

२००५ साली काकांनी त्यांचं सगळ्यात चांगलं मिश्रण केलं. जुन्यात त्यांनी स्कंकच्या, म्हणजे त्या दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्याच्या अर्काचा एकच थेंब टाकला. लांबून ऐकू यावी तशी हाक, असं ते त्याला म्हणायचे. डबी छातीच्या उंचीवर वाऱ्यात टांगली की वास पाव मैल जातो, हे त्यांनी स्वतः चालत जाऊन तपासलं होतं. लॉइडला त्यांनी बारा डब्या भरून दिल्या. वास किती लांब जातो, ते मात्र सांगायचं राहिलं. काका म्हणायचे, "बावीस वर्षं मी वासवाल्यांच्याच संगतीत काढली. समोरच्याला तो येतच नाही, हे माझ्या डोक्यातून पार निघून गेलं."

त्याच वर्षी रेणू आणि शंतनू या तरुण जोडप्याची काकांशी ओळख झाली. दोघं नागपूरचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, व्हिसावर आलेले. दिवाळीच्या कार्यक्रमात रेणूने काकांना विचारलं, "काका, तुमच्याकडे कुत्र्याला मोकळं सोडता येतं का? अपार्टमेंटमध्ये बिचाऱ्याला पळायलाच मिळत नाही यार." तिच्याकडे एक बीगल होतं, बुंदी नावाचं, पोटावर तपकिरी ठिपके असलेलं. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात रेणूला नोकरी नव्हती, व्हिसामुळे करताही येत नव्हती. ते महिने बुंदीमुळे निभले, असं ती सांगायची.

"आण की," काका म्हणाले. "लेकच्या मागे सगळी सरकारी जमीन आहे. पट्टा काढ आणि सोड बिनधास्त."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दोघं आले. दुपारी काकू आणि शंतनू केबिनमध्ये थालीपिठं लावत होते. काका, रेणू आणि बुंदी पायवाटेने निघाले. ऊन होतं, पानं गळून गेली होती, पश्चिमेचा वारा होता. रेणूने बुंदीचा लांब पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला. बुंदी पुढे पळायचं, थांबायचं, वळून पाहायचं.

बोटी उतरवायच्या धक्क्याजवळ पायवाट वळते. तिथे काकांना वास आला.

आधी स्कंकचा तो बारीक धागा. मग अ‍ॅनिस, मग मासा. स्वतःच्या अक्षरासारखा त्यांनी तो ओळखला. लॉइडची सापळ्यांची वाट लेकच्या पलीकडे होती, इथे नव्हती. काही समजायच्या आत त्यांनी पाहिलं की बुंदीचं नाक वर आहे, शेपूट ताठ आहे आणि ते झुडपांत शिरतंय.

"रेणू, त्याला बोलाव! बोलाव त्याला!"

"बुंदी! बुंदी, कम हिअर!"

वासामागे लागलेलं बीगल हाकेला थांबत नाही. काका धावले. बासष्ट वर्षांचा माणूस, पायांत जड बूट. वीस पावलांवर एक पांढरी प्लॅस्टिकची बादली आडवी ठेवलेली दिसली, आणि ती दिसत असतानाच खाडकन आवाज आला.

बादलीच्या तोंडाशी लावलेल्या पोलादी चौकटींनी बुंदीची मान धरली होती. आवाज त्याला काढता येत नव्हता. पाय झाडत होतं. रेणू गुडघ्यांवर बसून चौकटी दोन्ही हातांनी फाकवायला लागली.

"काका, कसं उघडतं? काका, कसं उघडायचं हे?"

चौकटी ओढून काही होत नाही, बाजूच्या स्प्रिंग दाबायच्या असतात, एवढं काकांना माहीत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी एक स्प्रिंग धरून जीव खाऊन दाबली. ती अर्धी मिटली आणि हातातून निसटली. पुन्हा दाबली. पुन्हा निसटली. रेणूने वरून हात लावला. दोघांच्या बोटांची सालटी निघाली. एक स्प्रिंग एकदा पूर्ण दाबली गेली, पण अडकवून ठेवायची कडी कुठे असते ते काकांना सापडेना, कारण लॉइड ती लावायचा तेव्हा त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि दुसरी स्प्रिंग तशीच होती.

"शंतनू! शंतनू!" रेणू ओरडत होती. केबिन अर्ध्या मैलावर होती.

बुंदी रेणूकडे बघत होतं. मग त्याचे पाय हळू झाले. मग थांबले. तरीही रेणू स्प्रिंग दाबत राहिली. काकांनी तिच्या हातांवर हात ठेवले तेव्हा तिने ते झटकून टाकले.

शंतनू आला, त्याने फोन केला, तासाभराने गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीच्या नियमांवर देखरेख करणारा सरकारी माणूस, आला. त्याच्याजवळ चिमटा होता. त्याने दोन हालचालींत सापळा उघडला. तरुण, सभ्य माणूस होता. सापळ्यावर लॉइडच्या नावाचा पत्रा होता, जागा सरकारी होती, सापळ्यांचा मोसम चालू होता. "आय अ‍ॅम सो सॉरी, मॅडम," तो म्हणाला, "पण हे सगळं कायद्यात बसतं."

"माझा कुत्रा इथे आलाच कसा?" रेणूने विचारलं. "पायवाटेवरून तर ही जागा दिसतही नाही."

वॉर्डनने मान वर केली. शेजारच्या फांदीवर तारेने टांगलेल्या दोन काळ्या डब्या वाऱ्यात हलत होत्या. त्याने एक काढून उलटी-सुलटी करून पाहिली. "याच्यामुळे. ज्याने कोणी बनवली त्याने डोकं चालवलंय."

काका तिथेच, हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं. त्यांनी हात खिशात घातले.

संध्याकाळी लॉइड आला. गुडघे साथ देत नव्हते म्हणून या वर्षी पलीकडे जाणं त्याला जमलं नव्हतं, म्हणून सापळे धक्क्याजवळ लावले, असं त्याने सांगितलं. रेणू गाडीत बसली होती, मांडीवर शालीत गुंडाळलेलं बुंदी होतं. लॉइड टोपी काढून काचेपाशी उभा राहिला. तिने काच खाली केली नाही. शंतनूने गाडी काढली.

मग लॉइड काकांना म्हणाला, "एका डबीचा वास मला काही कळेना. कमी असेल म्हणून दोन टांगल्या." टोपी पुन्हा डोक्यावर घालत त्याने विचारलं, "त्या मुलीकडे कुत्र्याचा पट्टा नव्हता का?"

"होता. गळ्यात होता तिच्या."

"पट्टा स्प्रिंगच्या दोन कड्यांतून ओवायचा, एक टोक बुटाखाली दाबायचं आणि दुसरं वर ओढायचं. लहान पोरसुद्धा मिटवू शकतं." तो हळू आवाजात म्हणाला, "मी तुला दाखवायला हवं होतं, मॅनो."

"तू दाखवत होतास," काका म्हणाले. "मी बघत नव्हतो."

त्या रात्रीपासून काकांचं जेवण सुटलं. काकूंनी त्यांना एका शब्दाने टोचलं नाही. काकांना ते जास्त जड गेलं असावं. काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "तिला सांगा तुम्ही." काका रोज उद्या म्हणायचे. सांगून बुंदी परत येणार नव्हतं, न सांगून तर मुळीच नाही. फोन उचलायचे, ठेवायचे. तीन आठवडे गेले.

शेवटी एका रविवारी ते रेणूच्या अपार्टमेंटवर गेले. दाराशी अजून बुंदीची पाण्याची वाटी होती. रेणूने चहा केला. काकांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. डब्या, लोकर, तो एक थेंब, पाव मैल, सगळं.

"म्हणजे तुम्हाला वास आला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तो माणूस डबी हातात घेऊन बोलत होता तेव्हा तुम्ही बाजूलाच होता."

"हो."

"काका, हे मला तुम्ही त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हा मी निदान ओरडले असते तुमच्यावर. आता मी काय करू?"

शंतनू म्हणाला, "काका, तुम्हाला घरी सोडतो." बाहेर बर्फ पडायला लागला होता.

पुढच्या उन्हाळ्यात शंतनूला नॉर्थ कॅरोलिनात नोकरी मिळाली आणि दोघं कॅरीला गेले. जाताना रेणू सगळ्यांना भेटली. काकूंना मिठी मारली. काकांना वाकून नमस्कार केला, पण वर पाहिलं नाही. काका तिला वाढदिवसाला फोन करायचे. आन्सरिंग मशीन लागायचं. ते निरोप ठेवायचे, "रेणू, मनोहरकाका बोलतोय. मजेत असशील." परत फोन यायचा नाही. काकू म्हणायच्या, पुरे करा आता. ते पुढच्या वर्षी पुन्हा करायचे.

लॉइडने त्या हिवाळ्यात उरलेले सापळे उचलून आणले ते कायमचेच. पण सापळे सोडल्यावर त्या माणसात काही उरलं नाही. २००७मध्ये त्याच्या मुलीने त्याला आपल्या गावच्या वृद्धाश्रमात ठेवलं. काका भेटायला गेले तर तो खिडकीशी बसून होता. काकांना त्याने ओळखलं, हात धरून ठेवला. निघताना लॉइडने विचारलं, "ती मुलगी बोलते का तुझ्याशी?" काका खोटं बोलले. हो म्हणाले.

मधे काकांनी आणखी एक गोष्ट केली होती. काउंटीच्या एका सभेत उभं राहून मागणी केली की पायवाटांजवळ असे सापळे जमिनीवर नकोत, उंचावर बांधा. तीन मिनिटं मिळाली होती. मराठी मंडळींतले आम्ही चौघं पाठीशी बसलो होतो. एका सापळेवाल्याने उठून विचारलं, "सर, तुम्ही स्वतः कधी सापळा लावलाय?" काका म्हणाले, "नाही. मी वास करायचो." लोकांना समजलं नाही, दोघं-तिघं हसले. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि मग कुठे गेला ते कळलं नाही.

त्यानंतर ते केबिनच्या गॅरेजमध्ये लॉइडचा एक जुना सापळा घेऊन बसायला लागले. ज्याला हात लावायचा नाही असं म्हणायचे, तोच रोज उघडायचे आणि मिटवायचे. अंगठ्याचं नख काळं पडून गळून गेलं. चार महिन्यांनी त्यांनी कम्युनिटी सेंटरला विचारून कुत्रेवाल्यांसाठी शनिवारचा तासभराचा वर्ग सुरू केला. फी नाही. पहिल्या वर्गाला नऊजण आले. मीही गेले होते.

काकांनी टेबलावर भुसा भरलेलं खेळण्यातलं कुत्रं ठेवलं, सापळा लावला आणि पट्टा कड्यांतून ओवून, एक टोक बुटाखाली दाबून स्प्रिंग कशी मिटवायची ते सावकाश दाखवलं. मग प्रत्येकाकडून करून घेतलं. एका उंच बाईला पहिल्यांदा जमलं नाही. तिने दम घेतला आणि विचारलं, "आपल्याकडे साधारण किती वेळ असतो?"

"काही मिनिटं," काका म्हणाले. "कधी तेवढीही नाही."

"आणि तुम्ही? तुम्हाला कधी खरोखर कुत्रा सोडवावा लागलाय?"

"हो."

"जमलं?"

काकांनी सापळा पुन्हा नीट लावून तिच्यापुढे सरकवला.

"नाही," ते म्हणाले. "पुन्हा करून बघा. डावा पाय जरा पुढे घ्या."